चुलीशेजारची वाट

भिसेगावातली आमची सगळी आळी रोज सकाळी मधल्या काकूच्या स्वयंपाकघरातून कामाला जायची. हे मी रंगवून सांगत नाही. पुढच्या दाराने आत शिरायचं, ओटी आणि माजघर ओलांडायचं, चुलीच्या शेजारून मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि ओढ्यावरचा साकव उतरून नाक्यावर. शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दुधाची किटली अडकवलेले म्हातारे, खालापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेली आम्ही माणसं, सगळी एकामागे एक त्या घरातून जायची. कोणी कडी वाजवत नसे, कोणी 'येऊ का' म्हणत नसे. काकू भाकरी थापत बसलेली असायची आणि तिच्या पाठीमागून गाव चाललेलं असायचं.

मधली म्हणजे तीन जावांमधली मधली नव्हे. तिला जाऊच नव्हती. आळी आणि नाका यांच्या मध्ये तिचं एकटं घर, म्हणून ती मधली काकू. तिचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं आणि ते तिला अजिबात शोभत नाही असं वाटलं. आता काकू नाही, तिचं घरही नाही. पण अजून कधी कधी पहाटेच्या झोपेत मला ते घर लागतं. मी पुढच्या दाराने आत शिरते, चुलीचा उजेड तोंडावर येतो, आणि मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत जाग येते.

घरात वाट कशी आली, ही गंमत काकूकडूनच ऐकावी. चूक तिच्या सासऱ्यांची. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि मधे उंच जागा म्हणावी अशी तेवढीच एक. जागा त्यांच्या मालकीची. त्यांनी उन्हाळ्यात तिथे घर बांधलं. खाचरं तेव्हा कोरडी, त्यामुळे लोक बिनबोभाट घराला वळसा घालून शेतातून जायचे, उभं राहून भिंतींचं कौतुक करायचे, 'चौकट झकास बसली' म्हणायचे. आपण थेट लोकांच्या वाटेवर घर घातलंय हे ना सासऱ्यांच्या लक्षात आलं ना कौतुक करणाऱ्यांच्या. खाचरं भरली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. एके सकाळी बाहेर पाच-सहा माणसं डोक्यावर इरली घेऊन उभी, आणि ओटीवर सासरे उभे.

काकू तेव्हा नवी नवरी. हातावरची हळद नुकती उतरलेली. ती आतूनच म्हणाली, "मामंजी, त्यास्नी आतनं येऊ द्या."

"सासरं म्हनलं, हे घर हाय का धर्मशाळा?" हे सांगताना काकू दरवेळी सासऱ्यांसारखी मान ताठ करायची. "मी म्हनलं, मामंजी, वाट आदी व्हती. आपुन मागनं आलो."

सासरे दारातून बाजूला झाले. त्याच दिवशी तिने मागच्या दारासमोरची चूल उचलून कोपऱ्यात नेली. माणसं एक दिवस गेली, आठवडाभर गेली, पावसाळाभर गेली. खाचरं वाळल्यावर त्यांनी पुन्हा शेतातून जायला हरकत नव्हती, पण तोवर पायांना सवय लागली होती. एकदा पायांना सवय लागली की डोक्याचं कोण ऐकतं? मी जन्माला आले तोवर तर ती वाट घरातूनच जाते यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. दुसऱ्या गावात मावशीकडे गेले तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातून कोणीच कसं जात नाही, याचं मला नवल वाटलं होतं.

काकूचा नियम एकच. चुलीपाशी पायताण चालायचं नाही. त्यामुळे पुढच्या दारात चपला काढायच्या, हातात घ्यायच्या आणि मागच्या दारात पुन्हा घालायच्या. साहेब असो की गवंडी, प्रत्येकजण हातात चपला घेऊन माजघरातून चाललेला. लेसवाल्या बुटांची मात्र पंचाईत. एकाने हौसेने घेतले होते, तो दोन्ही दारांत बसून सोडतोय, बांधतोय, आणि मागे रांग. चार दिवसांत त्याने ते बूट भावाला देऊन टाकले. बाजारातल्या चपलांच्या दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं. "भिसेगावचे का? मग हे बघा, पटकन निघणारे," असं म्हणून तो परस्पर वेगळा खोका काढायचा. आमची आळी काय पायात घालते हेसुद्धा काकूच्या चुलीने ठरवलेलं होतं.

मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला लागले तेव्हा माझी पहिली पाळी असायची. कंपनीची बस नाक्यावर उजाडायच्या आत येई. थंडीत आळीवर धुकं उतरलेलं, समोरच्या माणसाची नुसती शाल दिसायची. त्या पांढऱ्या अंधारातून काकूच्या दारात शिरलं की एकदम ऊब, धूर, तांदळाच्या भाकरीचा वास, भिंतीवर हलणारा जाळाचा उजेड. दहा-बारा पावलं तेवढी. की पुन्हा धुकं. मी तर अर्धी झोपेतच असायचे. कितीदा वाटायचं की मी अजून अंथरुणातच आहे आणि हे आपल्याला स्वप्नात पडलेलं घर आहे.

"ए झोपाळे," काकू मान न वळवता म्हणायची, "डोळं उघड. चुलीत पाय घालशील."

मान न वळवता तिला मी कशी कळायचे, कोण जाणे. बहुधा सगळ्यांत हळू चालणारी मीच होते.

तिच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, 'जाता जाता'. "जाता जाता तेवढं पातेलं उतरव गं." "जाता जाता नारळ फोडून जा रं, माजं हात पिठात हायत." "जाता जाता त्या मांजरीला बाहेर घाल." कोणी थांबायचं नाही, थांबायची गरजच पडू नये इतकंच काम ती सांगायची. एकाने हंडा उचलायचा, दुसऱ्याने तो ओतायचा, तिसऱ्याने पालथा घालायचा. काकूचा स्वयंपाक असा सगळ्या आळीने मिळून केलेला असे. तिची आमटी कोणी कोणी ढवळली म्हणून विचारलं असतं तर निम्मं गाव हात वर करून उभं राहिलं असतं.

त्यातून एकदा व्हायचं तेच झालं. काकू भाकरी उलटता उलटता आपल्याशीच पुटपुटली, "आमटीत मीठ टाकायचं ऱ्हायलं." नेमकी तेव्हा माणसांची वर्दळ. आपल्यालाच सांगितलं असं समजून माझ्या पुढच्याने चिमूट टाकली. मी टाकली. माझ्या मागे शेजारच्या सुमनवहिनी होत्या, त्यांनी तर घरच्या सवयीने मूठच सोडली. आम्ही आपापल्या बसला गेलो. संध्याकाळी परत येताना काकू ओटीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली.

"आज मी आख्ख्या आळीचं मीठ खाल्लं," ती म्हणाली. "आता कुनाशी भांडायची सोय ऱ्हायली नाय."

सकाळी एवढी माणसं जायची, पण तिने कधी कोणाला 'कुठे चाललास' असं विचारलं नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की काम होत नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. ती फक्त म्हणायची, "पोच." परीक्षेला निघालेल्या पोराला "पोच रं", माहेरी निघालेल्या बाईला "पोच गं". दुसरा आशीर्वाद तिला माहीत नव्हता. तिला स्वतःला मात्र कुठेच जायचं नसायचं. नवरा लवकर गेला, मुलगा, आमचा बाळादादा, पनवेलला नोकरीला लागून तिथलाच झाला. नवखं कोणी 'एकट्या राहता का हो' असं विचारी तेव्हा ती खुदकन हसायची, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी पाठीमागून चपला हातात घेऊन चाललेलं असायचं.

आम्ही सगळी वेळेवर पोचलो पाहिजेत, याची काळजी आमच्यापेक्षा तिलाच. तिच्या मागच्या दारातून नाका दिसायचा आणि नाक्यावरून तिचं मागचं दार. बस आली आणि घरात अजून कोणी असलं, की काकू दारात जाऊन पिठाचा हात उंच धरून उभी राहायची. ड्रायव्हर बिचारा इंजिन चालू ठेवून त्या हाताकडे बघत बसायचा. शेवटचा माणूस साकव उतरला की हात खाली, मग बस हलायची. एकदा नवा ड्रायव्हर आला, त्याने हाताकडे न बघता बस सोडली. दुसऱ्या दिवशी काकू साकव उतरून पहिल्यांदाच नाक्यावर गेली आणि त्याच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "मी काय टाटा करते का तुला?" त्यानंतर तो कधी चुकला नाही.

ही सगळी मजा एका पावसाळ्यात थोडी कडू झाली. सुमनवहिनींच्या सुनेला कळा सुरू झाल्या, दुपारची वेळ. रेल्वेच्या फाटकाकडून मोठा वळसा घालून येणारा कच्चा रस्ता चिखलाने बसलेला, गाडी आळीत येईना. पोरांनी तिला खुर्चीत बसवून उचललं आणि नेहमीच्या वाटेने निघाली. काकूच्या माजघरात खुर्ची आली आणि सून म्हणाली, आता पुढे नाही. पोर काकूच्या चुलीसमोर झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप. आळीने पेढे वाटले, मुलीला 'वाटेवरची' म्हणून चिडवायचंही ठरवून टाकलं. सगळे खुशीत होते, एकटी काकू सोडून.

"पोर वाटंत झालं, ते हासण्यावारी नेता?" ती ओटीवर येऊन सगळ्यांना म्हणाली. "उद्या कुनाचं मरान वाटंत यील. आळीत गाडी यायला पायजे."

रस्त्याची मागणी आळीची जुनीच होती. अडलं होतं एका पट्ट्यावर. ओढ्याच्या कडेने रस्ता न्यायचा तर काकूच्या अंगणाची लांबट पट्टी त्यात जाणार होती, आणि तिच्याकडे ती मागायची कोणाची छाती होत नव्हती. ज्या बाईच्या घरातून आपण रोज जातो तिच्याकडे आणखी काय मागायचं? काकूने ती न मागताच दिली. बाळादादा पनवेलहून आला होता, त्याला आईचा स्वभाव माहीत. तो म्हणाला, "आई, देतेस खरी. पण रस्ता झाला की तुझ्याकडून कोण जाणार, याचा विचार केलास का?"

"जायाला रस्ता पायजे," काकू म्हणाली. "मी कशाला पायजे?"

रस्ता झाला. काँक्रीटचा, रुंद, ओढ्यावर पक्क्या पुलाचा. त्यानंतर जे झालं ते इतकं सावकाश झालं की झालं तेव्हा कोणाला दिसलं नाही. आधी आळीत दोन स्कूटर आल्या, मग घरटी एक. स्कूटर काही स्वयंपाकघरातून नेता येत नाही. खोटं कशाला बोलू, मीही घेतली आणि मला ती फार आवडली. कंपनीची बस थेट आळीत येऊन वळू लागली. ज्या घरांची तोंडं वाटेकडे होती त्यांनी मागच्या भिंती फोडून रस्त्याकडे दारं काढली, तिकडे शटर बसले, दुकानं आली, एक-दोन उंच इमारती उभ्या राहिल्या. झोपेत माणूस कूस बदलतो तशी आळीने कूस बदलली. आणि काकूचं घर, जे इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढ्यात होतं, ते सगळ्यांच्या पाठीमागे गेलं.

पाट्या घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या काही दिवस तिच्याकडून जात राहिल्या. मग नाक्यापासून आळीपर्यंत शेअर रिक्षा सुरू झाल्या आणि त्याही रिक्षात बसू लागल्या. वाटेवर गवत आलं. काकू मात्र उजाडायच्या आत दोन्ही दारं उघडायची आणि अंधार पडेपर्यंत उघडी ठेवायची. बाळादादा म्हणायचा, चोर शिरेल, जनावर शिरेल, चल माझ्याकडे. ती ऐकायची नाही.

"येकादा तरी येनार," ती म्हणायची. "त्याला दार बंद दिसलं तर त्याची बस चुकंल."

एका रविवारी मी तिच्याकडे गेले. चपला काढून हातात घेतल्या आणि आत शिरले. चुलीवर एवढंसं पातेलं होतं, एका माणसाचं. मी सवयीने डाव घेऊन ढवळायला वाकले, तर काकूने माझ्या हातातून डाव काढून घेतला.

"जाता जाता आलीस?"

"नाही काकू, तुझ्याकडेच आले."

"मुद्दाम आलीस व्हय?" ती म्हणाली. "मंग बस की ओटीवर. मुद्दाम आलेल्या मानसाला काय काम सांगायचं?"

तिने मला सतरंजी घातली, कपबशीत चहा दिला, सोबत बशीत चिवडा. मी पाहुणी झाले होते. इतकं वाईट मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. चहा पिऊन मी आल्या दाराने परत निघाले, तेव्हा ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

पुढे ती मोरीत घसरून पडली आणि मग तिचं काही चाललं नाही. बाळादादाने घराला कुलूप लावलं आणि तिला पनवेलला नेलं. चांगला मुलगा तो, चांगली सून. सातव्या मजल्यावरचं हवेशीर घर, तिला स्वतंत्र खोली. पण वर्ष होत आलं तेव्हा त्याचा मला फोन आला. घराची जागा एका बिल्डरला द्यायचं ठरत होतं, पावसात कौलं खचत होती, आणि काकू सहीला तयार नव्हती. "वाट हाय ती, वाट कशी इकायची," एवढंच म्हणते. रात्ररात्र झोपत नाही. उठून म्हणते, कुलूप बघून कोणीतरी दारात उभं असेल. "तुझं ऐकेल," तो म्हणाला. "तू रोज जायचीस ना तिथून."

मी गेले. काकू खिडकीजवळ बसली होती, अंगाने अगदी निम्मी झालेली. मला बघून तोंडभर हसली. खालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, तिकडे बोट करून म्हणाली, "सकाळपासनं बगते. ह्यास्नी मधनं जायाला कुनी देत नाय वाटतं." मग घराच्या दाराकडे बघत म्हणाली, "हितं एकच दार हाय गं. आलेला मानूस आल्या दारानंच परत जातो."

सुनेने चहा आणला. बाळादादा कोपऱ्यात उभा होता, टेबलावर कागद ठेवलेले मला दिसत होते. काय बोलायचं ते मी येताना सगळी वाटभर घोळवलं होतं. पण त्याआधीच काकूने माझा हात धरला. तिची बोटं कापूस झाली होती.

"तू खोटं बोलनार नाय," ती म्हणाली. "सांग मला. दारात कुनी थांबतं का?"

मला वाटलं, म्हणावं हो. एखादी म्हातारी येते म्हणावं, कुलूप बघते आणि जाते. ती किती सुखावली असती! पण मग त्या एका म्हातारीसाठी ती उरलेल्या सगळ्या रात्री जागली असती.

"नाही काकू," मी म्हटलं. "कोणी नाही थांबत."

"कुनीच नाय?"

"कोणीच नाही. सगळी रस्त्याने जातात."

माझा हात तिने तसाच धरून ठेवला होता आणि डोळे मिटले होते, इतका वेळ की मला वाटलं तिला झोप लागली. बाळादादा एक पाऊल पुढे आला. मग तिने डोळे उघडले.

"मंग पोचतात का येळंवर?"

"पोचतात, काकू. लवकरच पोचतात."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे ते खाली आले. "बाळा, आन तुजं कागद."

सही करताना बाळादादाने तिचा हात मनगटाशी धरला. मला राहवलं नाही, मी तिथेच तोंड झाकून रडू लागले. काकूने पेन खाली ठेवलं, पदर माझ्या डोळ्यांना लावला आणि जरा रागावूनच म्हणाली, "रडतीस कशाला? मी काय कुनाची वाट अडवून बसनार व्हते?"